झोपलेल्या पायाचं माप

२ सप्टेंबर, सोमवार

खोटं बोलले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चहाला! बाबा म्हणाले, "एवढ्या लवकर कुठे?" मी म्हणाले, "लायब्ररीत." आई गॅससमोर उभी होती, आमच्याकडे पाठ करून — पण माणसाची पाठसुद्धा हसताना दिसते.

लायब्ररी कसली! टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला. लोखंडी जिना, प्रत्येक पायरी वेगळ्या सुरात वाजते. दारावर पाटी — 'कापड, शिलाई व पादत्राणे : ओळख वर्ग'. आत चौदा जण आणि एक पंखा. आठ आठवडे. दोन कापडाचे, दोन शिलाईचे, चार बुटांचे. शेवटी परीक्षा, आणि त्यातल्या पाच जणांना बुटांच्या वर्षभराच्या वर्गात जागा.

मला जागाबिगा नकोय. मी कादंबरीसाठी सामान गोळा करायला आलेय. पहिली कादंबरी एकशे दहा पानांची, पूर्ण एकच वाक्य. प्रकाशकांनी परत पाठवली, सोबत चिठ्ठी : "वाचकाला श्वास घ्यायला जागा ठेवा." दुसरीत पात्रांना खरेखुरे धंदे द्यायचेत. म्हणून हे.

बाबांना मात्र सांगायची सोय नाही. तीस वर्षं बुटांच्या दुकानात, बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायात बूट चढवले त्यांनी. गुडघे बोलायला लागले तेव्हा कुठे सुटले. घरात त्यांचं एक वाक्य ठरलेलं — "माझी मुलगी कुणाच्या पायाशी बसणार नाही." त्या वाक्यावरच माझं एम.ए. झालं. प्राध्यापकीच्या परीक्षेचा फॉर्मही त्यांनीच भरून ठेवलाय. माझा फोटो चिकटवून. फक्त माझी सही बाकी.

३ सप्टेंबर

आज कापडं जाळली! शिक्षण असावं तर असं.

सगळे विषय शिकवायला बाई एकच. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, एप्रनला नऊ खिसे (मोजले). म्हणाल्या, "डोळे फसवतात. नाक वापरा." चिमट्यात चिंधी धरायची, काडी लावायची, वास घ्यायचा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास, हाताला मऊ राख. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा काळा टणक मणी होतो. लोकर म्हणजे जळका केस.

माझ्या टेबलावर एक काका आहेत. बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, आता हे. ते चिंधीवर इतके वाकले की मिशीच पेटली. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. न वळताच म्हणाल्या, "लोकर कुणाला मिळाली?"

वर्ग अर्धा तास बंद.

६ सप्टेंबर

उभा धागा ताणत नाही. आडवा थोडा ताणतो. तिरपं धरलं तर कापड वाट्टेल तसं ताणतं. — बाबा, आई, मी.

१६ सप्टेंबर, सोमवार

शिलाई सुरू. मला वाटलं, बसल्या बसल्या झबलं शिवून उठू. छे! मशीनमध्ये दोराच नाही. रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची. रेघेवर भोकं पडली तर बरोबर, बाजूला पडली तर पुन्हा.

रेघांचा कागद विसरले होते. पिशवीत कादंबरीची पानं होती, तीच घातली सुईखाली. ओळीवरून सुई नेताना पॅडल जोरात दाबलं गेलं आणि मशीन सुटलं — पान तेहेतीस आरपार! बाईंनी ते उजेडात धरलं. भोकं बघितली, मग नाइलाजाने मजकूरही वाचला.

"हे काय आहे?"

"कादंबरी."

"पूर्णविराम कुठे आहेत?"

"आत्ताच पडले, बाई."

कंडक्टर काका खोकून खोकून लाल. बाई हसल्या नाहीत. पान मात्र परत दिलं नाही, चौथ्या खिशात ठेवलं.

२० सप्टेंबर

उशीचा अभ्रा. चौकोनी व्हायला हवा होता. आई म्हणाली, "असू दे, आपली उशीही तशी कुठे चौकोनी आहे!"

३० सप्टेंबर

चामडं.

बाईंनी एक अख्खी कातडी टेबलावर उलगडली आणि सगळे पुढे सरकले. मधोमध कणा, दोन्ही कडांना पोट. "बोटांनी बघा. कण्याजवळ घट्ट आहे, तिथून बुटाचं तोंड, म्हणजे पुढचा भाग, काढायचा. पोटाकडे ढिलं आहे, ते नाड्यांखालच्या जिभेला, अस्तराला." एका जागी बारीक रेघ होती. बाई म्हणाल्या, "कधीतरी तारेच्या कुंपणाला घासली असेल बिचारी." मी वहीत टिपून घ्यायला पेन काढलं.

"पेन नंतर. आधी रापी."

रापी म्हणजे रुंद चपट्या पात्याची सुरी. ती ढकलायची नसते, ओढायचीही नसते — अंगाचा भार द्यायचा आणि वाट बघायची. माझा पहिला काप उंदराने कुरतडल्यासारखा. सातवा, बरा उंदीर. सतरावा सरळ! मी चक्क ओरडले. कादंबरी परत आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मी ठरवलं तसंच झालं.

मग सोल्युशन लावून दोन तुकडे चिकटवायला शिकलो. हात चिकट, केस चिकट, डब्याचं झाकणही चिकट. संध्याकाळी घरी बाबा माझ्या शेजारून गेले, थांबले, पुन्हा चालू लागले.

४ ऑक्टोबर

कंडक्टर काकांनी सपातांचा पहिला जोड पूर्ण केला. सगळ्यांच्या आधी! टाके एकसारखे, कडा घासून गुळगुळीत. दोन्ही डाव्या.

कागदाचा नमुना एका पायासाठी जसा ठेवतो तो दुसऱ्यासाठी उलटा करून ठेवायचा असतो. काका उलटा करायला विसरले. सपाता हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "यात काही चूक नाही. गिऱ्हाईक चुकीचं आहे."

बाई म्हणाल्या, "आता दोन उजव्या करा. दोन जोड होतील."

आणि केल्याही त्यांनी!

७ ऑक्टोबर, सोमवार

परीक्षेचा कागद मिळाला. बुटांचा एक जोड करायचा, दुकानातल्या नंबरचा नाही, एका जिवंत माणसाच्या मापाचा. तो माणूस परीक्षेला हजर पाहिजे. बूट घालून खोलीत दहा फेऱ्या, मग लोखंडी जिना एकदा उतरून चढायचा. त्यानंतर बाई त्याला एकच विचारतात — चावतो का? बाकी शिलाई कितीही देखणी असो, त्याच्या उत्तरावर पास-नापास.

कागदावर रकाना : 'पाय कोणाचे'. कंडक्टर काकांनी लिहिलं 'सौ.' माझं पेन टेकलं आणि मी लिहून बसले — 'वडील'.

का? आई होती की! आईला विचारायचाही प्रश्न नव्हता. पण पेन वडीलच म्हणालं. आणि बाई खोडायला देत नाहीत.

आणि आता सांगूनच टाकते, वहीपासून काय लपवायचं. मला ती जागा हवीय. सामान नको, कादंबरी थांबेल. ती पाचातली एक जागा हवीय. रिकामी बसले की माझी बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर टाके मोजतात.

१० ऑक्टोबर

माप कसं घ्यायचं? "बाबा, जरा पाय द्या" म्हटलं तर आठ आठवड्यांची लायब्ररी जमीनदोस्त.

डोकं चालवलं. बाबा आंघोळीला गेले तशी न्हाणीच्या दाराबाहेर पेपर अंथरला. बाहेर आले, ओल्या पायांनी दोन पावलं टाकली. छाप उमटले! मी झडप घातली, पेन्सिलने कडा ओढून घेतल्या.

"अगं, आजचा पेपर आहे तो!"

"फरशी निसरडी झालीय, बाबा. तुमच्या गुडघ्यांसाठी."

एवढी काळजी बघून त्यांनी आईकडे बघितलं. आई कणीक मळत होती. पुन्हा तीच पाठ.

१३ ऑक्टोबर, रविवार

लांबी-रुंदी मिळाली होती, घेर राहिला होता. दुपारी बाबा पलंगावर झोपले. आई दारात पहाऱ्यावर. मी दोरा घेऊन गुडघ्यांवर रांगत आत. चवड्याला दोरा, गाठ. घोट्याखाली दोरा, गाठ. टाचेवरून दोरा — बाबांनी पाय झटकला! मी पलंगाखाली. आई दारातून गंभीर आवाजात, "डास फार झालेत."

"हं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा घोरायला लागले. मी बाहेर येऊन दोन्ही पायांच्या राहिलेल्या गाठी मारल्या.

त्यांचे पाय मी इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांकडे बघणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या टाचा अशा — भेगांच्या. डाव्या करंगळीचं नख नाहीच. मला माहीतच नव्हतं!

सहा गाठींचा दोरा वहीत चिकटवलाय. माझ्यासारखी हुशार मीच.

१७ ऑक्टोबर

फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. कपाटात तीनशे आहेत, बाईंनी त्यातला जवळच्या मापाचा काढून दिला. माझ्या दोऱ्याबरहुकूम त्यावर चामड्याच्या चकत्या चिकटवून तासल्या. मग ओलं केलेलं वरचं चामडं त्याच्यावर चढवायचं, पकडीने ओढायचं, खिळा मारायचा, पुन्हा ओढायचं. खिळे तोंडात. लाकडाचे बाबा माझ्या मांडीवर उपडे, आणि मी त्यांना ओढतेय, ठोकतेय, "हलू नका" म्हणतेय.

"खिळे तोंडात असताना बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ माझ्या मागे उभ्या राहिल्या. "हात चांगला आहे तुमचा," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ते वाक्य मनात म्हटलं. चोवीस पायऱ्या.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आईने अल्टिमेटम दिला. "आज सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी नीट सांगणार नाही."

संध्याकाळी चहा झाल्यावर सांगितलं. एका दमात, माझ्या कादंबरीसारखं, कुठेही न थांबता — टायरचं दुकान, बाई, रापी, फर्मा, शुक्रवारची परीक्षा, पाच जागा. बाबा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले,

"लायब्ररीत सोल्युशन असतं होय?"

"म्हणजे?"

"तीस वर्षं तो वास माझ्या शर्टाला होता. तू काय मला शिकवतेस! तीन आठवडे झाले कळून."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, चार दिवसांची हौस. उतरेल."

आई म्हणाली, "हौस नाही ती." बाबांनी हाताने तिला थांबवलं. मला म्हणाले, "एवढं शिकवलं, ते लोकांच्या पायाशी बसायला?"

"मी टेबलाशी बसते, बाबा."

"आणि माप घेताना?"

मी कपबशा गोळा केल्या.

"शुक्रवारी याल का? तुम्ही आला नाहीत तर परीक्षाच होत नाही माझी."

बाबा उठले. फॉर्म कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला — तोच, माझ्या फोटोचा. "याची मुदत महिनाअखेर आहे," म्हणाले, आणि फिरायला निघून गेले.

२४ ऑक्टोबर

बूट झाले. तपकिरी, नाड्यांचे, साधे. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे. बाबा काहीच बोलले नाहीत. तीन दिवस.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर आरडाओरडाच लिहीन.

दहाला सुरुवात. कंडक्टर काकांच्या सौ. पहिल्या. दहा फेऱ्या, जिना. बाई : "चावतो का?" सौ. म्हणाल्या, "चावला तरी काय सांगणार, मला यांच्याबरोबरच घरी जायचंय!"

"तसं चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"नाही हो चावत. खरंच नाही." आणि मग चकित होऊन नवऱ्याकडे, "अहो, खरंच नाही!" काकांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, फार वेळ.

अकरा. साडेअकरा. माझं नाव शेवटी होतं म्हणून बरं. पावणेबाराला जिना वाजला. एकेक पायरी, सावकाश. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस चढत होता!

इस्त्रीचा शर्ट. दारात उभं राहून बाबांनी आधी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं, मग तोंडांकडे. मी खुर्ची दिली, बूट घेऊन खाली बसायला लागले, तर ते अर्धवट उठलेच. "तू नको. मी घालतो." खिशातून बूट चढवायचं पितळी शू-हॉर्न काढलं. बूट हातात घेतला, उलटा केला, टाच दाबली, शिवणीवरून नख फिरवलं. दुकानातला माणूस! मी असं बघितलंच नव्हतं त्यांना कधी.

दहा फेऱ्या. जिना. खाली उतरताना आवाज आला, वर येताना आला. येऊन उभे राहिले.

"चावतो का?" बाईंनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"चावतो," बाबा म्हणाले. "उजवा, करंगळीपाशी. डावा अजून गप्प आहे, अर्ध्या तासाने तोही बोलेल."

"काय चुकलंय?"

"शिलाई चांगली आहे. तळ पक्का. टाच तर आमच्या दुकानात अशी येत नव्हती. माप चुकलंय. हे झोपलेल्या पायाचं माप आहे. आडव्या माणसाचा पाय बारीक होतो. उभा राहिला, अंगाचा भार आला, की पसरतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "माप कसं घेतलंत?"

सगळं सांगावं लागलं. पलंग, दोरा, डास. कंडक्टर काका खिडकीबाहेर बघायला लागले, खांदे हलत होते. बाई या खेपेला हसल्या, अगदी मोकळ्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "नापास. नियम एक आहे. आठ दिवसांत दुसरा जोड आणला तर पुन्हा बघेन. एकदाच. एक जागा तोवर ठेवते."

बाबांनी बूट काढले, नाड्या आत दुमडल्या, माझ्या हातात दिले. घरी वेगवेगळ्या बसने आलो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

तीस वर्षं! तीस वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांना सांगत आला, "सैल होईल हो, दोन दिवस वापरा." घट्ट बूट कितीतरी खपवले असतील! आणि माझ्याच वेळेला सत्यवचनी!

मुद्दाम. फॉर्मवर सही हवीय ना, म्हणून. मी आईला म्हणालेही तसं.

आई म्हणाली, "त्यांची करंगळी बघितलीस? फोड आलाय."

"म्हणून काय झालं! 'नाही' म्हणता आलं असतं."

"आलं असतं. मग वर्षभर तू तशीच मापं घेत बसली असतीस."

आई अशी मध्येच नेमकं बोलते आणि पुन्हा भांडी विसळायला लागते. मी दार लावून बसले. आठ दिवसांत नवा जोड — चामडं आहे, वेळ आहे, हात आहे. पाय नाहीत. आता कुठल्या तोंडाने मागू? आणि त्यांनी द्यावेत तरी का?

सही केली नाही. फाडलाही नाही फॉर्म.

२७ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

बूट नाहीत! पिशवीत नाहीत, पलंगाखाली नाहीत. आईला विचारलं, ती म्हणते मला काय माहीत. बाबाही घरात नाहीत. टाकून दिले असतील तर मी पुन्हा त्यांच्याशी —

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

आत्ता आले. लंगडत, दोन्ही पायांनी. पायात माझे बूट! सकाळी आठपासून घालून फिरत होते. सगळा बाजार पालथा घातला, टेकडीपर्यंत जाऊन आले. भिंतीला धरून बूट काढले, माझ्या टेबलावर ठेवले. चामड्यावर जागोजाग पेन्सिलीच्या फुल्या. सात उजव्यावर, पाच डाव्यावर. "जिथे जिथे चावला तिथे थांबून खूण केलीय," म्हणाले. "पाय आता पुरेसे पसरलेत. टेप आण." खुर्चीत बसले नाहीत, उभे राहिले. मी खाली बसले. गुडघा दुखत होता त्यांचा, तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात टेकला. आणि वरून आवाज आला — "ढिला धरू नकोस. लाजतेस काय, ओढ."